दुपारी एक ते चार बंद पडणारा कॉम्प्युटर

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. (वयाने अकरा वर्षांनी मोठा असल्यामुळे आजवर तुला आशीर्वादच लिहीत आलो. आज आशीर्वादाला हात उठत नाही, तेव्हा नमस्कारच गोड मानून घे.) तुझी तब्येत बरी असेल, दुकान नीट चाललं असेल, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण तुझं दुकान नीट चालू नये याची व्यवस्था मीच करून ठेवल्यामुळे ते विचारायला मला तोंड नाही. तुझी बहीण ठणठणीत आहे. ती माझ्याशी बोलते आणि तुझ्याशी बोलत नाही. खरं तर हे उलट असायला हवं. ते का, हे सांगायलाच हे पत्र.

तू सूनबाईला कॉम्प्युटर जोडून दिलास. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायची चित्रं ती काढते, म्हणून त्यात ते तगडं ग्राफिक्स कार्ड बसवलंस. महिनाभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग थंडी पडली आणि भर कामात तो पटकन बंद पडायला लागला. स्क्रीन काळा, सूनबाई पांढरीफटक. कार्ड तापतंय, एवढं तिनेच शोधलं. का तापतंय, हे शोधायचं काम मी अंगावर घेतलं. (कोणी सांगितलं नव्हतं.) पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. तापलेल्या मोटरी नुसता हात लावून ओळखल्या, तिथे या वीतभर कार्डाची काय कथा, असं मी घरात चारचौघांत बोलून बसलो.

पंपघरात आमची एक शिस्त होती. बिघाड झाला की आधी वही उघडायची, मग झाकण. मी नवी वही आणली, रकाने आखले, दर अर्ध्या तासाला तापमान लिहायला लागलो. सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. (ती सगळी तुझ्या बहिणीने नुकत्याच घडी केलेल्या कपड्यांवर बसली, तो विषय वेगळा.) प्लग बदलला, फ्रिजची जागा बदलली, पंख्याला तेल घालणार होतो पण सूनबाई आडवी आली. वहीत सकाळी पासष्ट अंश, संध्याकाळी सत्तर. दुपारचा रकाना मात्र कोरा, कारण एक ते चार मी झोपतो. आणि बंद पडायचा तो नेमका तेव्हाच. यावरून मी काय निष्कर्ष काढावा? जे कार्ड माझ्या देखत तापत नाही आणि माझी पाठ फिरली की तापतं ते लबाड, आणि ज्याने दिलं तोही लबाड. मेहुण्याने जुनं कार्ड पुसून नवं म्हणून बसवलं, हे मी तुझ्या बहिणीला सांगितलं. तिने तुझा फोन घेणं बंद केलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी तुला आशीर्वाद लिहिले असते. पण सूनबाईचे साहेब चित्रं बघायला घरी आले, आणि त्यांच्यासमोर मी वही उघडली. त्यांच्या ऑफिसचे बारा कॉम्प्युटर तुझ्याकडून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, हे मला माहीत होतं. तरी बोललो. साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, मग दुसरीकडे बघतो.

मंगळवारी कोरा रकाना भरायचा म्हणून मी दुपारी जागा राहिलो. म्हणजे दिवाणावर पडलो, पण डोळे उघडे ठेवून. सूनबाई काम करता करता आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. चौऱ्याहत्तर. एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. आणि माझ्या लक्षात यायला लागलं की आकडा चढतो तसतसा माझा उजवा गुडघा सुखावतोय.

बाबा रे, आता लपवून काय उपयोग. कॉम्प्युटरचा डबा माझ्या दिवाणाला लागून, माझ्याकडे पाठ करून उभा असतो. त्या पाठीच्या जाळीतून कार्डाची गरम हवा बाहेर येते. थंडी पडल्यापासून मी रोज दुपारी दुखरा गुडघा त्या जाळीला टेकवून झोपत होतो, आणि ऊब वाया जाऊ नये म्हणून गोधडी गुडघ्यावरून डब्यावर ओढून घेत होतो. सूनबाईला दिसत नव्हतं असं नाही, पण झोपलेल्या सासऱ्याचं पांघरूण कोणती सून ओढून बघेल? ब्याण्णवला कॉम्प्युटर बंद पडला. मी मुकाट्याने गोधडीची घडी केली. त्यानंतर तीन दिवस तो एकदाही बंद पडलेला नाही. तुझी बहीण म्हणाली, यांनी धूळ काढली म्हणून बरा झाला. आणि मी मान हलवली. तुला लबाड म्हटल्याची लाज वाटतेच, पण त्या मान हलवण्याची जास्त वाटते.

तुझा,
तोंड लपवून बसलेला भाऊजी

ता. क. : रविवारी येऊन जा. एखादा स्क्रू पिळल्यासारखं कर आणि सगळ्यांदेखत म्हण की वायर सैल होती, आता जमलं. म्हणजे तुझंही नाव राहील आणि माझंही. हे पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. २ : हे पाकीट मी सूनबाईकडे टपालात टाकायला दिलं. ज्या मामांशी घरात कोणी बोलत नाही त्यांना एवढं काय लिहिलंत, असं तिने विचारलं. खोटं तोंडावर येईना, म्हणून पत्रच तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच सगळं वाचलं, वरच्या ता. क. सकट. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हे मामांना नाही, साहेबांना द्यायला हवं." मी हो म्हणालो. (म्हणायला फार वेळ लागला.) तेव्हा तुझ्या हातात आहे ती नक्कल. मूळ पत्र तिने सकाळी ऑफिसात नेलं. साहेबांचा फोन आला तर घे.