दोघांचं रक्त

नाना, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला तुमचा खरा राग आला तो आत्ता, झाशीतल्या एका दवाखान्यात. तुमच्या सुनेला पाचवा महिना लागलाय. सोनोग्राफीत बाळाची दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली दिसली, भोवतीचं पाणी कमी. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घर में पहले ऐसा कोई बच्चा हुआ है?" मी नाही म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "दो. लड़कियाँ थीं."

माझ्या त्या दोन बहिणी एकेक दिवस जगल्या. त्यावर तुमचा निकाल ठरलेला: "हिच्या कुशीतच खोट आहे." रेल्वे कॉलनीत मराठी घरं ती किती! कुणाकडे डोहाळजेवण असलं की करंज्या आईनंच करायच्या. स्वयंपाकघरात ती तळते आहे, मी डब्यात भरतो आहे, आणि तुम्ही दारातून सांगता, "डबा पोरगा नेईल. तू जाऊ नकोस, उगाच कुणाला दृष्ट नको." लोकांनी नव्हे, नाना, तुम्ही तिला ओटी भरायला जाऊ दिलं नाही. आणि मी मुकाट्याने डबा पोचवत राहिलो.

डॉक्टरबाईंनी आम्हा नवरा-बायको दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. दोघांतही तोच दोष निघाला. "दोनों तरफ से आए, तभी बच्चा बीमार होता है. अकेली माँ से नहीं," त्या म्हणाल्या. तुम्ही मामाची मुलगी केलीत, मीही केली. एकाच घराण्याचं रक्त फिरून फिरून आलं. म्हणजे खोट तुमच्यातही होती! आयुष्यभर तोंड वर करून बोललात, आणि ऐकून घ्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही नाही. आईनं इतकंच विचारलं, "मतलब अकेली मेरी गलती नहीं थी?" सत्तराव्या वर्षी. मला तिच्याकडे बघवेना.

बाळाची आशा थोडीच आहे. पण तुमच्या सुनेला ते कुशीतल्या खोटीचं वाक्य या घरात कुणी ऐकवणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? शिवाय एक गोष्ट अजून लिहिली नाही. रक्त घ्यायला माणूस आला, तेव्हा मी हिच्याकडे बोट दाखवून म्हणालो होतो, "पहले सिर्फ इनका ले लीजिए." आई शेजारीच होती. तिनं उठून माझ्या शर्टाची बाही वर सारली.