मेथीच्या वाफ्यातली मांजर

आई, मागे तुला लिहिलं होतं की मांजरं घाण करायला बसू नयेत म्हणून तू वाफ्यांवर बाभळीच्या काट्या पसरायचीस. ते चूक होतं. काट्या बाबांनी आणल्या होत्या. तू त्या दुसऱ्याच दिवशी उचलल्यास आणि त्यांच्या जागी तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, रोवल्यास, जवळजवळ, साऱ्या वाफ्यात. मांजराला बसण्याआधी माती उकरावी लागते, गोल फिरावं लागतं. तेवढी जागाच तू ठेवली नाहीस. आणि मोरीच्या कडेला चुलीतल्या राखेचा ढीग मोकळा सोडलास, मांजरीसाठी. मी काट्यांचं तुझ्या नावावर का लिहिलं, कळत नाही. घाईत लिहिलं असेल.

आपल्या वस्तीपासून शाळा लांब होती, म्हणून पहिलं वर्ष तू मला घरीच शिकवलंस. पेरणीआधी वाफा सारखा केलेला आहे, तू तुराटीच्या टोकानं मातीत अक्षर काढतेस, मी त्याखाली माझं काढते. एका सकाळी पाहते तर मांजर तिथं बसून गेलेलं, माझी ओळ उकरलेली. मी ढेकूळ उचलते. "ठिव खाली," तू म्हणतेस. "तिचं काय चुकलं? भुसभुशीत माती कुनी करून ठिवली? आपूनच ना?" तुझा आवाज चढलेला नाही, पण मी ढेकूळ खाली ठेवते. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. ओळ चांगली आली होती.

आता आम्ही नागापूरला भाड्यानं राहतो. यांची कंपनीत पाळी असते. मागच्या दारी भिंतीलगत थोडी जागा आहे, तिथं मी मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे केले. रोज सकाळी त्यात घाण. मांजर कुणाची नाही, करड्या रंगाची, भिंतीवरून येते. मी तिखट टाकलं, डांबरगोळ्या टाकल्या. कुत्र्यांसाठी लोक दारात निळीच्या पाण्याची बाटली ठेवतात, तीही ठेवली. ती बाटलीला टेकून झोपली. शेजारच्या मावशी भिंतीवरून बघत होत्या. "उशी चांगली दिलीस गं," म्हणाल्या, "आता एक गोधडी टाक." मला हसू आलं नाही. मला घाणीची भीती वाटते. काही उगवलं तरी ते यांच्या ताटात वाढावं की नाही, याचा मी दिवसभर विचार करत असते.

म्हणून मी घरमालकांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, तुमी टेन्शन नका घेऊ. रविवारी सुट्टी हाय. पोत्यात घालतो आन् पार एमआयडीसीच्या मागं सोडून येतो. पोत्याला चार गिरक्या दिल्या का वाट इसरतंय ते." मी त्यांना चहा दिला. मला हलकं वाटलं.

परवा मावशींना हे सांगितलं तर त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. "अगं, ती व्यालीय. तिचं पोट नाही का बघितलंस? पिलं कुठंतरी दडवलीत. सात घरं फिरवती ती त्यांना. आता कितवं चालूय कुणाला ठाऊक." मी विचारलं, आई नसली तर पिलं किती टिकतात. मावशी म्हणाल्या, "डोळे उघडले नसले तर न्हाई टिकत," आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

मी दोन दिवस शोधलं. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागं, मावशींच्या जुन्या कूलरमध्ये. पिलं नाहीत. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर मामाचं घर, आत्याचं घर, वसतिगृह, अशी काही घरं मीही पाहिली, आणि सगळीकडे जेवायला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. हे इथं का लिहिलं, ते पुढच्या वेळी कदाचित दुरुस्त करीन.

काल भाऊ गावाहून आला, त्याच्याकडून तुराट्यांची एक मोळी मागवली होती. दोन्ही वाफ्यांत रोवल्या. चूल नाही, म्हणून बांधकामावरची थोडी वाळू आणून कोपऱ्यात टाकली. आज सकाळी वाफे स्वच्छ होते आणि वाळू उकरलेली होती. म्हणजे मांजर नेण्याचं आता काही कारणच उरलेलं नाही. फक्त ते घरमालकांना सांगायचं राहिलं आहे. त्यांनी पोतं काढून ठेवलंय, जिन्यात दिसलं. मीच तीनदा मागे लागले आणि आता मीच नको म्हणायचं. भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतो. यांना वाटतं, उगाच वाकडेपणा नको. कालपासून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

हे पत्र मागच्यासारखंच माझ्याकडेच राहणार, म्हणून एक लिहून ठेवते. पिलं सापडली असती, तर त्यांनाही आईबरोबर पोत्यात घाला, एवढंच मी सांगितलं असतं, आणि मला ते बरोबरही वाटलं असतं. सापडली नाहीत म्हणून अडलं आहे.

घरमालक टाकीत पाणी सोडायला संध्याकाळी येतात. रविवारच्या आधी त्यांची एकच फेरी उरली आहे. मी शनिवारी सांगणार आहे.