हलका पाय

प्रिय ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं "जेवलात का" आणि "हो" याच्या पुढे सरकत नाही, आणि मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, म्हणून कागद घेतला. अक्षर लावून घे. इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला, तरी पत्र लिहायला बसलो की माझा हात वाकडाच चालतो.

आईची गाडी आजारी पडली होती. हो, तीच, जिला मी अकरा वर्षं पांढरा हत्ती म्हणत आलो, रंग काळा असूनसुद्धा. आई मेट्रन झाली, तू कॉलेजात गेलीस, त्या वर्षी तिने ती घेतली. कुणा सर्जनने मनसोक्त वापरून सोडलेली, चामड्याच्या सीटची, लाकडी पट्ट्यांची, आणि क्लच नसलेली. जन्मभर वॉर्डात उभी राहिले, आता मला बसायला चांगली जागा हवी, असं ती म्हणाली होती. ती गेल्यावर पाच महिने मी गाडी झाकून ठेवली. मग एका रविवारी घर नुसतं खायला उठलं, तेव्हा किल्ली घेऊन बाहेर पडलो.

गाडीने पहिल्याच दिवशी रंग दाखवला. 'डी'ला टाकली की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का. दुसरा गिअर पडताना पुन्हा धक्का. मध्येच इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी ढिम्म. मी एका चकचकीत गॅरेजात नेली. तिथला कडक इस्त्रीचा साहेब गाडीखाली वाकलासुद्धा नाही. गिअरबॉक्स बदला, नाहीतर भंगारात द्या, म्हणाला. मी विचार करतो म्हणालो. म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

शेवटी एक मिस्त्री सापडला. पत्र्याची शेड, माझ्याच वयाचा माणूस, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो आणि शब्द मोजून वापरतो. मी सकाळीच इंजिन बंद असताना गिअरचं तेल मोजून गेलो होतो आणि ते त्याला ऐटीत सांगितलंही. त्याने वीस मिनिटं गाडी फिरवून गरम केली आणि इंजिन चालू ठेवूनच तेल मोजलं. बरंच कमी निघालं. मग तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून त्याने वास घेतला, जळका नाही म्हणाला. तळाचा ट्रे उतरवला, आतल्या चुंबकाला चिकटलेली भुकटी बोटांत चोळून बघितली. पिठासारखी मऊ होती, धातूचा कण एकही नाही. आतली हाडं शाबूत आहेत, म्हणाला. वायरी जिथे बॉक्समध्ये शिरतात तिथलं रबर कडक होऊन तेल झिरपत होतं. त्याने ते रबर बदललं, फिल्टर बदलला, तेल भरलं. इंजिनचं ओरडणं थांबलं. धक्के मात्र तसेच राहिले.

मग त्याने मला शेजारी बसवून स्वतः एक चक्कर मारली. एक धक्का नाही, मांडीवर भरलेला कप ठेवला असता तरी सांडला नसता. त्याने मला चालवायला बसवलं, आणि कोपरा येईपर्यंत तीन धक्के बसले. मी म्हणालो, बघा, हेच ते. तो म्हणाला, बघितलं. शेडमध्ये परत आल्यावर त्याने गाडीला आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ आकडे वाचत बसला. नंतर विचारलं, ही गाडी आधी कोण चालवायचं? मी सांगितलं, बायको, अकरा वर्षं.

ठकू, त्या माणसाने तुझ्या आईला कधी पाहिलेलं नाही. पण तो बोलायला लागला. बाईंचा पाय हलका होता म्हणाला. पेडल एकदम कधी दाबायच्या नाहीत. सिग्नल दिसला की लांबूनच पाय काढून घ्यायच्या. चढावरही घाई नाही. "हा बॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकतो, साहेब. अकरा वर्षं त्याला एकच पाय माहीत. तुम्ही त्याला परके आहात." मी तिथल्या टायरच्या ढिगावर बसलो. गेल्या आठ महिन्यांत तिच्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं. लोक फार चांगल्या होत्या म्हणतात आणि विषय बदलतात. घरी मी कुणाशी बोलणार? रेडिओ लावून ठेवतो, तर तोही हवामानच सांगतो.

निघताना त्याने शेजारच्या सीटपुढचं मॅट उचलून दाखवलं. उजव्या टाचेच्या जागी आरपार भोक. तिथे ना ब्रेक, ना काही, मग हे कशाने झिजलं, असं त्याचं म्हणणं. तुला सांगायची गरज नाही. अकरा वर्षं मी तिथे बसून नसलेला ब्रेक दाबत होतो, आणि जोडीला तोंडाचा पट्टा.

उपाय सोपा आहे. यंत्राने पाच मिनिटांत सगळं शिकलेलं पुसता येतं, मग बॉक्स नव्याने माझा पाय शिकेल. किंवा काहीच न करता मी चालवत राहायचं, म्हणजे तो हळूहळू तिला विसरेल. त्याने विचारलं, पुसू का? मी इतक्या मोठ्याने नको म्हणालो की शेजारच्या शेडमधला वेल्डर बाहेर आला.

घरी येताना प्रत्येक धक्क्याला वाटत होतं, गेली, अजून थोडी गेली. तेव्हापासून, एक दिवस सोडला तर, गाडी जागेवरच आहे. पण उभी ठेवूनही चालत नाही. बॅटरी बसली की या जुन्या गाडीची आठवणही जाते, असं मिस्त्रीने बजावलंय. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून रोज संध्याकाळी चार्जर लावतो, आणि जरा वेळ आत बसून राहतो. एकदा तिच्यासारखी चालवूनही बघितली. बूट काढले, मोज्यांवर बसलो, पाय फुलासारखा ठेवला. दूधवाल्याच्या दुकानापर्यंत जमलं. मग मागच्याने हॉर्न वाजवला, माझं डोकं फिरलं, पाय पडला आणि धक्का बसला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मी सॉरी म्हणालो. ती असताना हा शब्द मला कधी सुचला नव्हता.

आईचे दिवस उरकून तू निघालीस त्या सकाळी मी म्हणालो होतो, हा पांढरा हत्ती आता विकून टाकू. तू म्हणालीस, "तिला एक दिवस तरी सुखाने चालवू दिलंत का, बाबा?" आणि बॅग उचललीस. मी पुष्कळ दिवस भिंतीला उत्तरं देत होतो. सगळी खोटी होती. नाही चालवू दिलं. तिच्या चालवण्याची मला भीती कधीच नव्हती. गाडी तिच्या हातात आणि मी नुसता बसलेला, हे मला सहन व्हायचं नाही, एवढंच. तू बोललीस ते खरं होतं, म्हणूनच इतकं झोंबलं.

आता पत्राचं कारण. तुला गाडी शिकवली ती तिने, याच गाडीत. मी मागे बसून हसत होतो, एका घरात दोन बैलगाड्या झाल्या म्हणून. तुझा पाय तिचाच आहे, ठकू. मी मिस्त्रीला विचारून आलो, तसाच पाय पडला तर बॉक्स तिला विसरणार नाही ना? नाही विसरणार, म्हणाला. राहायला ये असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. एका दिवसासाठी ये. तिच्या हॉस्पिटलपर्यंत जाऊ, पुलावरून परत येऊ, ती जायची त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. मागचे वाजवू देत हॉर्न. मी शेजारी मांडी घालून बसेन. पाय खाली टेकवणार नाही.

बॅटरी भरून ठेवणारा, तुझाच
बाबा