आबांच्या धोतराची वाकळ

आये, लांबूनच पायांवर डोकं ठेवतो.

हितं कॅनडात मी बरा हाय. बार्शीला जाऊन गुडघा दावलास का?

घरमालकीणबाईंनी परगावी जाताना त्यांचं पाळलेलं लांबडं माझ्यावर सोपवलंय. आबांच्या पायाला पान लागल्यापास्नं तू त्याचं नाव घेत न्हाईस, म्हणून मीबी लिवत न्हाय. बिनविषारी हाय, पेटीचं झाकण पक्कं हाय. तूच भुईवर निजू नको.

त्याची काचेची पेटी एका अंगाला गरम ठेवावी लागती. परवा बर्फात लाईट गेली, पेटी गारठली. मग आत गरम पाण्याची बाटली ठिवली आन् वरनं तू शिवलेली आबांच्या धोतराची वाकळ पांघरली.

रागावू नको. त्याच्या गार अंगाला हात लावला, आन् आपण दोघं चोळत बसलो व्हतो ते आबांचं पाय आठवलं.

हे मातर सकाळी हललं, आये.

तुझा दिगू