करंज्या कोणी खाल्ल्या

माय, परवा रविवारी मी चर्चमध्ये बसून खोटं बोलले. या वयात, मांडीवर पवित्र शास्त्र, डोक्यावर पदर, आणि समोर नुकताच बाप्तिस्मा झालेली बाई. कुणाला सांगावं कळेना म्हणून कागद घेतला. तू असतीस तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "काहून वं, माह्याशी अशी पुस्तकातली भाषा बोलून राह्यली?" काय करणार, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, हात तसाच वळतो. कानात मात्र अजून तुझीच बोली आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा गावाकडून आलेली पत्रं मीच तुला चुलीपाशी बसून वाचून दाखवायचे आणि त्यातली बोचरी वाक्यं गाळायचे. तुला ते कळायचं. "एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच लेयलं?" म्हणून तू हसायचीस.

ती बाई इथे अकोल्यात जठारपेठेत शिवणकाम करते. माझे ब्लाऊज तीच शिवते. सहा महिन्यांपूर्वी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला, त्याआधीचा वर्ग मी घेतला होता. रविवारी उपासना संपली, सगळे चहाकडे गेले, आणि ही बाकावरच बसून राहिली. मी जवळ गेले तर डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माहा बाप्तिस्मा काही लागला नाई." नळाच्या पाण्यावरून जावेशी भांडण झालं होतं आणि हिच्या तोंडून जुन्या सगळ्या शिव्या बाहेर पडल्या होत्या. जाऊ म्हणाली, हेच शिकवतेत काय तुमच्या चर्चमंदी? "पाळकसायबाले सांगा, मले पुन्हा एकदा पान्यात बुडवा म्हना," ती म्हणाली. मला हसू आलं, आणि मी तिच्याशेजारी बाकावर बसलेच. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, माय, तुझ्या तोंडून.

अमरावतीचं मुलींचं होस्टेल, मागे तुझं स्वयंपाकघर, त्याला लागून आपल्या दोन खोल्या. बाबा बागेला पाणी घालतायत. तू दोन मोठ्या चुलींच्या मधे बसून साठ पोरींच्या पोळ्या लाटतेस. मी आठ वर्षांची असताना तू आणि बाबा एकाच सकाळी चर्चमागच्या हौदात उतरला होतात. तू केस पिळत बाहेर आलीस आणि सगळ्या मंडळीसमोर सांगितलंस, "माही जीभ मी ह्या पान्यात सोडून आली." मंडळी हसली, कारण तुझी जीभ सगळ्यांना ठाऊक होती. चांदूर रेल्वेकडच्या आपल्या गावात तर तुझ्या शिव्यांना मान होता. गावातली चुलती पुढे कुठल्याशा लग्नात भेटली तेव्हा म्हणाली होती, "देव बदलला, जीभ थेच. जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई." तू तिला काही बोलली नाहीस. तुझ्यासारख्या बाईने ते ऐकून घेतलं म्हणजे केवढा तुझा प्रयत्न असेल, ते मला आज कळतं.

त्या वर्षी होस्टेलमध्ये सहावीतली एक पोरगी होती. तिची आई उन्हाळ्यात वारली होती. तू तिला स्वयंपाकघरात मोकळी ये-जा दिली होतीस. शनिवारी तेल लावून वेणी घालायचीस तीही आधी तिची, मग माझी. नाताळच्या चार दिवस आधीची सकाळ. पोरी दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी जाणार, प्रत्येकीच्या हातात फराळाची पुडी द्यायची होती, म्हणून तू पहाटेपासून करंज्या तळत होतीस. पहिली करंजी कढईत फुटली. ती काढून तू फुंकर घातलीस आणि त्या पोरीला दिलीस. मी दारातच उभी होते. दुपारी तू कणीक आणायला भांडारात गेलीस तेव्हा मी वरचा डबा उघडला आणि लाकडाच्या ढिगामागे बसून सात करंज्या खाल्ल्या. पाचवीनंतर गोड लागत नव्हतं. सातवी तर पोट दुखत असताना खाल्ली.

संध्याकाळी पुड्या बांधताना सात करंज्या कमी पडल्या. तेवढ्यात ती पोरगी पाणी प्यायला आली, आणि तिच्या फ्रॉकच्या खिशाला करंजीचा चुरा. बस्स. तू झारा टाकून उठलीस. हात उचललास ते एक वेळ चाललं असतं, पण जे बोललीस ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तुह्या मायनं हेच शिकवलं काय तुले? बरं झालं, हे पाहाले थे जिती नाई राह्यली." पोरगी रडलीसुद्धा नाही. ग्लास जागेवर ठेवला आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी लाकडाच्या ढिगापाशी उभी राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरींची एसटी गेल्यावर तू कढई घासत बसली होतीस. घासता घासता तुझा हात थांबला. तुला आठवलं की तो चुरा तूच दिलेल्या करंजीचा होता. दुपारभर तिचा पेपर होता, हेही मग मेट्रनबाईंकडून कळलं. तू राखेचे हात तसेच कपाळाला लावलेस. नाताळात तू नवं लुगडं नेसली नाहीस. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट आपल्या बाकाशी आलं, भाकरीचे बारीक तुकडे, आणि तू ते हात न लावता पुढे सरकवलंस. फेब्रुवारीत तेच. मार्चमध्ये तेच. बायका आपसात कुजबुजायला लागल्या, हिनं असं काय मोठं पाप केलं म्हणून. बाबा विचारून थकले. पोरगी सुटीहून परत आली होती, रोज तुझ्या समोर ताट घेऊन बसायची, आणि तुला तिच्याकडे पाहवत नव्हतं. तू बारीक झालीस, माय. शिव्या तर सोडच, तू बोलणंच सोडलंस, आणि मला तुझ्या त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

मग एका दुपारी तू मला बोटाला धरून पाळकसाहेबांच्या घरी नेलंस. म्हातारे पाळकसाहेब ओसरीवर सायकलचं पंक्चर काढत बसले होते. तू उभ्या उभ्याच म्हणालीस, "सायेब, मले पुन्हा बुडवा. पैल्यांदा काही उतरलं नाई." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ट्यूब बादलीत तशीच राहिली. मग म्हणाले, "बाई, तू शेतकऱ्याच्या घरची. लगनाच्या दिवशी माप ओलांडून घरात आली. दुसऱ्या दिवशी शेतात गेली, काळ्या मातीनं पाय भरले. मंग काय केलं? परत माहेरी जाऊन पुन्हा लगन लावून आली काय?" तू म्हणालीस, "कायचं लगन! पाय धुतले अन् घरात गेली." "मंग इथंबी थेच. माप एकदाच ओलांडाचं. पाय रोज धुवाचे." पण तुझा तो वकिली स्वभाव कुठे जाणार? "मंग रोज धुवाचेच हायेत त माती तुडवाले मी मोकळी काय?" पाळकसाहेब हसले. "ज्याले रोज पाय धुवा लागतेत थो चिखल पाहूनच चालते. अन् एक आयक. ज्या पोरीले बोलली तिच्याकडं आधी जा. देवाले सांगनं सोपं हाय, थो काही आपल्या हातचं जेवाले येऊन बसत नाई."

त्याच संध्याकाळी पंगत बसली. तू वरणाची बादली घेऊन वाढत वाढत त्या पोरीपाशी आलीस आणि थांबलीस. साठ पोरींसमोर खाली बसलीस. "चुकली मी, बाई. चोरी तू नाई केली. अन् तुह्या मायबद्दल जे बोलली त्यासाठी माफी कर. थे असती त तिनं माही जीभ हासडली असती." सगळ्या पंगतीत कुणी घास उचलेना. पोरीने तुझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. "मावशी," ती म्हणाली, "वरन सांडून राह्यलं." तू बादली सरळ केलीस, सगळ्या हसल्या, आणि तू हसता हसता रडायला लागलीस. मी पंगतीच्या शेवटी बसले होते. मी म्हणू शकत होते. भात कालवत राहिले.

ईस्टरला तू ताटातला तुकडा उचललास. आणि त्या दिवसापासून तुझं ते मागच्या दारचं सुरू झालं. स्वयंपाक आटोपला की तांब्या भरून घ्यायचा, पायरीवर उभं राहून एकेका पायावर पाणी ओतायचं आणि पुटपुटायचं. मी आतून ऐकायचे. "आज मेट्रनबाईले खोटं सांगतलं, दूध नासलं म्हनून. भाजीवाल्याले मेल्या म्हनलं. दोनदा." मग पदराने पाय पुसून तू गाणं गुणगुणत आत यायचीस. भाजीवाला पुढची पंधरा वर्षं अधूनमधून मेल्या होतच राहिला, पण तू कधी दारातच बसून राहिली नाहीस. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा. मीही पाय धुवायचे, नुसते.

रविवारी हे सगळं मी त्या बाईला सांगितलं. वर्गात वीसेक वर्षं सांगत आलेय, तिच्या वर्गात मात्र राहून गेलं होतं. बाप्तिस्मा झाला म्हणजे पाप कायमचं पळालं असं समजणारे असतात, आणि एकदा पाय घसरला की आपण संपलो असं समजणारेही असतात. दोघांनाही तुझी गोष्ट लागू पडते. ऐकून तिचा चेहरा उजळला. घरी जाताच जावेकडे जाते म्हणाली. पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, मंग थ्या करंज्या खाल्ल्या कोनं?" वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, माय. मी म्हणाले, "माहीत नाही. कळलंच नाही कधी." इतकं सहज म्हणाले की मलाच नवल वाटलं. गोष्टीत पापी तू, शिकवणारे पाळकसाहेब, आणि मी स्वच्छ पदराची, सांगणारी. मॅडमपण फार सुखाचं असतं. रविवारपासून मला स्वतःची चीड येतेय.

आणि तुला तर माहीत होतं. मी डी.एड.साठी अकोल्याला निघाले तो जूनचा दिवस आठव. बडनेऱ्याच्या फलाटावर तू माझ्या हातात तुझा तांब्याचा तांब्या दिलास, "पाय धुवाले" म्हणालीस, आणि एक डबा दिलास. गाडी हलल्यावर मी डबा उघडला. चिवड्यावर वर्तमानपत्राची वेगळी पुडी, आणि आत करंज्या. जूनमध्ये! मोजल्या. सात होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. म्हणजे तू तीन महिने ताट पुढे सरकवत होतीस तेव्हाही तुला ठाऊक होतं का? की नंतर कधी कळलं? विचारायला मला पुढे इतकी वर्षं मिळाली, प्रत्येक सुटीत मी यायचे, तू माझ्या केसांना तेल लावायचीस, आणि तू वाट पाहत असशील हे कळूनही मी दुसरंच काही बोलायचे. मग तू गेलीस. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. तांब्या माझ्या न्हाणीघरात आहे, चिंचेने घासते, अजून झगझगीत आहे.

उद्या ब्लाऊज आणायला तिच्याकडे जायचंय. तिला सांगणार आहे, करंज्या मी खाल्ल्या म्हणून. मॅडमची मान खाली जाईल ती जाऊ दे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, शास्त्राच्या मागच्या पानांत ठेवीन. वाचून दाखवायला मी लागायचे, आणि गाळायची मला सवय. पण एक वाक्य आज गाळत नाही.

तुला सात करंज्या माहीत होत्या, माय. तुला वाटलं असेल, पोर माराला भ्यायली म्हणून गप्प बसली. मी भ्याले नव्हते. तू त्या पोरीला तिच्या मेलेल्या आईवरून बोललीस तेव्हा मला बरं वाटलं होतं.