‘आईचे नाव’ हा रकाना

मी, झियादे सादिर कीझी, म्हणजे सादिरची मुलगी, वय ३१, राहणार बिश्केक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुंगीची शंका नको म्हणून आज सकाळची गोळी मी घेतलेली नाही.

१. माझी एका खोलीची सदनिका आणि बँकेतील शिल्लक भाची उरुकान, वय २२, हिला द्यावी. शिल्लक आधी तिच्या रक्ततपासणीवर खर्च व्हावी. कारण कलम ३ मध्ये आहे.

२. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधील माझ्या यीस्टच्या नळ्या सहकारी तोल्कुन याने सांभाळाव्यात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी जुळणारी दुसरी प्रत शोधते आणि तिच्यावरून तुटलेला मजकूर भरून घेते. बीजपेशी घडताना आईकडची आणि बापाकडची प्रत याच रीतीने आपसांत तुकडे बदलतात. सहा वर्षे मी हेच पाहिले. हे काम सांभाळणारे एक जनुक माझ्यातच बिघडलेले निघाले.

३. चार वर्षांपूर्वी पोट दुखू लागले तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘आईचे नाव व आजार’ या रकान्यात मी लिहिले: बुरुल, काही नाही. बुरुलने आणि तिचा नवरा सादिर याने मला वाढवले. जन्म तिच्या सुनेने, काल्बुबूने दिला. आमच्यात थोरल्या मुलाचे पहिले मूल आजी-आजोबांचे मानले जाते, म्हणून काल्बुबूला मी वहिनीच म्हणत आले. ती पस्तिसाव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. मला ते माहीत होते, तरी लिहिले नाही. म्हणून डॉक्टरांनी तपासणी लांबवली आणि तोवर तोच आजार माझ्यात पसरला.

उरुकानही काल्बुबूचीच, म्हणजे भाची नव्हे, माझी सख्खी धाकटी बहीण आहे. तिची आई ‘पोटाच्या विकाराने’ गेली, एवढेच तिला सांगितले आहे. बिघडलेला तुकडा तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी आहे.

मी बुरुलआईला विचारले, “तिला सांगू का?”

“पहिलं लेकरू आमचंच असतं गं. कागदावर मग कोणाचं नाव घालणार होतीस, शेजारणीचं? मी गेल्यावर काय ते सांग.”

“नंबर माझा आधी आहे, आई.”

ती चहा ओतत राहिली.

४. भाऊ ताबिल्दी, म्हणजे माझे वडील, यांना त्या फॉर्मची छायाप्रत द्यावी. तक्रार नाही असे लिहिणार होते. तक्रार आहे.

५. दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा गालिचा बुरुलआईने माझ्यासाठी शिवला होता, तो तिला परत द्यावा. तिला मी आईच म्हणत राहीन.

६. कलम ३ च्या आरंभी ‘माझ्या मृत्यूनंतर वाचावे’ असे शब्द होते. ते मी खोडले आहेत. खोडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. उरुकान वारस असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून बाहेर बसली आहे. “आत्या, सही करतेयस की पुस्तक लिहितेयस? चहा दोनदा गार झाला,” असे तिने आताच दारातून विचारले. सह्या झाल्या की तिला आत बोलावून कलम ३ मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

साक्षीदार: नाझिरा, परिचारिका (सही)
साक्षीदार: एमिल्बेक, शेजारी (सही)

बिश्केक, १४ मार्च २०२३

(सही) झियादे, काल्बुबूची मुलगी