बुवांचा सूर शेवटी उतरतो

१४ जानेवारी १९५६, संक्रांत
बायको माहेरी गेली, दादरला. कारण क्षुल्लक. तिचा भाऊ शशिकांत तिळगूळ घेऊन आला होता. मी ग्रामोफोनवर बुवांचा पूरिया लावलेला. ऐन समेवर सरोजिनी खळखळून हसली. मी फक्त ‘श्शऽ’ केलं. भावासमोर केलं म्हणे. या खोलीत इतकी वर्षं तोंड मिटून राहिले, म्हणाली, आता न्यायला याल तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलायला या. मी मुळीच जाणार नाही.

१५ जानेवारी
काय शांतता! फोडणी नाही, बांगड्या नाहीत. मी डोळे मिटून ऐकत असलो की मशीनजवळ हिची खुडबूड चाले, तीही नाही. आता रेकॉर्डची खरी क्वालिटी कळेल. गिरगावात माझ्यासारखा कान नाही असं सगळे म्हणतात. निदान खालच्या मजल्यावरचा हेमचंद्र म्हणतो.
संध्याकाळी : पूरियात बुवांचा सूर शेवटी उतरतो. इतके दिवस कसं कळलं नाही? हिचा डिस्टर्बन्स, दुसरं काय.

१७ जानेवारी
मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे. सगळीकडे पेटलंय. कर्फ्यू. ऑफिस बंद, दूध नाही, कोपऱ्यापर्यंत जायची सोय नाही. दिवसभर रेकॉर्डी तपासल्या. सगळेच गवई शेवटी बेसूर होतात. मोठमोठी नावं. कोणाला सांगावं तर लोक मारतील.

१८ जानेवारी
पिन बदलली. साउंड बॉक्स बदलला. मशीनखाली पाट, पाटाखाली गोधडी. तरी उतरतोच. चावीचा प्रश्न नाही. चावी मी बेताचीच देतो. जास्त पिळली की टोन कर्कश होतो, हा माझा स्वतःचा शोध आहे.
दादरला गोळीबार झाला म्हणतात. हिची फार काळजी वाटते. जिन्यापर्यंत गेलो. खालून पोलिसांची शिट्टी आली, परत फिरलो.

१९ जानेवारी
हेमचंद्रला वर बोलावलं. तेवढीच सोबत. तो म्हणाला, बुवा शेवटी रेड्यासारखे वाटतात. मी त्याला मंद्रातलं गांभीर्य समजावलं. शेजारच्या कमलाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, अहो, चावी संपली. तुम्ही डोळे मिटलेत की सरोजिनी हळूच भरायची ना. सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. हेमचंद्र छताकडे बघत राहिला.
मी म्हटलं, मलाही ठाऊक होतं.
ते गेल्यावर चावी पिळली. करकर झाली, घाबरून सोडली. स्प्रिंग तुटली तर? किती द्यायची ते हिलाच माहीत. विचारायला दादरला जावंच लागणार. बरं झालं.

२४ जानेवारी
कर्फ्यू उठला. दादरला गेलो. ‘माझं चुकलं, चल घरी’ असं म्हणायचं ठरवलं होतं. वाटेत पुटपुटून पाहिलं, जमत होतं. दार हिनेच उघडलं. सुखरूप आहे. बघून इतकं बरं वाटलं की रडूच येईलसं झालं. तोंडातून निघालं, चावी किती द्यायची?
ही बघतच राहिली. मग नीट समजावून सांगितलं. हाताला जड लागली की थांबायचं, वाजत असताना पुन्हा थोडी द्यायची. आणखी काही विचारायचंय का, म्हणाली. मी नाही म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. चहा शशिकांतने आणून दिला.
संध्याकाळी : तिने सांगितल्याप्रमाणे चावी दिली. पूरिया पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ सुरात. मशीनमध्ये काहीही दोष नाही. आता दादरला जायला काही कारणच उरलं नाही.